शेऱ्याचा रकाना

बाळारामदादांच्या जीपमध्ये बशीतून चहा पिता यायचा. ही थाप नाही. मला नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता. चौकहून कर्जतकडे येताना त्यांनी एका टपरीवर गाडी थांबवली, कपबशी मागून घेतली, बशी काठोकाठ भरून माझ्या हातात दिली आणि गाडी सुरू केली. "प्या सावकाश," म्हणाले. तेव्हा त्या रस्त्यावर रस्ता कमी आणि खड्डे जास्त होते. मी जीव मुठीत धरून बशीकडे बघत बसले. चहा निवला, त्यावर साय धरली, पण थेंबभरही सांडला नाही. "आता कळलं ना मॅडम, मशीन कसं न्यायचं ते," दादा म्हणाले, आणि टपरीवाल्याची कपबशी परत करायला आम्ही तेवढंच अंतर उलटे आलो.

बाळारामदादा पोशीरचे. घरची थोडी भातशेती, आणि आमच्या सर्वेक्षणाच्या गाडीवर चालक. कागदावर चालक एवढंच. मी भूभौतिकी शिकून आले होते, हातात पदवी होती आणि डोक्यात वारं. पण ज्या कामासाठी मला नेमलं होतं ते काम माझ्यापेक्षा त्यांना जास्त येत होतं, हे कळायला मला एक पावसाळा लागला. कबूल करायला आणखी दोन.

काम असं होतं. रोट्यांच्या मोठ्या डब्याएवढं एक यंत्र. त्याच्या आत केसासारख्या बारीक स्प्रिंगला एक इवलंसं वजन टांगलेलं. जमिनीच्या पोटात जड दगड असला तर ते वजन जरासं जास्त खाली खेचलं जातं, हलका असला तर जरासं कमी. हा फरक इतका सूक्ष्म की यंत्र चार बोटं वर उचलून ठेवलं तरी आकडा बदलतो. दर दोन-तीन किलोमीटरला थांबायचं, यंत्र जमिनीवर ठेवायचं, पातळी साधायची, आकडा आणि वेळ वहीत लिहायची, पुढे जायचं. असे हजारो आकडे जमले की तीस-चाळीस किलोमीटर खाली, जिथे माणूस कधीही पोचणार नाही, तिथे काय आहे याचा अंदाज बांधता येतो. खालापूरच्या सपाटीपासून घाटापर्यंत आणि कर्जत, नेरळ, पोशीर या पट्ट्यात आम्ही वर्षानुवर्षं हेच केलं.

या स्प्रिंगला दोन रोग. एक म्हणजे ती दिवसभरात आपोआप थोडी थोडी सैल पडते. म्हणून सकाळी जिथून निघालो तिथेच संध्याकाळी परत येऊन पुन्हा आकडा घ्यायचा आणि मधल्या वेळेच्या हिशेबाने फरक वाटून टाकायचा. ही सुरुवातीची जागा म्हणजे आमचा बेस. दुसरा रोग धक्क्याचा. चाक खड्ड्यात आदळलं की आकडा एकदम उडी मारतो आणि त्यापुढचे सगळे आकडे त्या उडीएवढे चुकत जातात. म्हणून दादा गाडी चालवायचे ती खड्ड्यात चाक हलकेच उतरवून, हलकेच वर काढून. मशीनची जागा पुढे, त्यांच्या शेजारी. मी मागे. मशीनला पट्टा बांधलेला, भोवती गोधडी. उजवा हात खिडकीबाहेर काढून, तळवा खाली करून, बाळाला थोपटावं तसा हवेत थोपटत ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सांगायचे, हळू, हळू. मागचे टेंपोवाले हॉर्न वाजवून थकायचे. पुढे जाताना शिव्या द्यायचे. दादा त्यांनाही हात करायचे.

गोधडी हिरावहिनींनी शिवलेली होती. आपल्या दोन जुन्या लुगड्यांची, मशीनच्या मापाची. आणि बेस होता दादांच्या घराचा ओटा. तो कातळावर बांधलेला होता, हलायचा प्रश्न नव्हता. यंत्र नेमकं त्याच जागी ठेवता यावं म्हणून त्यात पितळेचा एक बोल्ट बसवला होता. ही जागा सुचवण्यात दादांचा थोडा स्वार्थ होता, कारण सकाळी निघताना भाकरी आणि संध्याकाळी येताना चहा घरचा मिळायचा. पण कामाच्या दृष्टीनेही ती जागा उत्तम होती, आणि तिची राखण वहिनी करायच्या. मी यंत्रावर वाकले की त्या कोंबड्यांना हुसकायच्या, धाकट्या जावेचं दळण-कांडण थांबवायच्या आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून श्वास धरून उभ्या राहायच्या. श्वासाने आकडा बदलत नाही, हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं. "तुमचं तुमाला ठावं," त्या म्हणायच्या, "माजं ऱ्हाऊंदे," आणि पुन्हा श्वास धरायच्या. मी मान वर केली की त्यांच्या छातीतून सुटकेचा मोठा निःश्वास यायचा. मग चहा.

गावोगाव लोक जमायचे. सोनं शोधताय का, पाण्याचं बघताय का, आणि सगळ्यात जास्त भीत भीत विचारलेला प्रश्न, जमीन घेनार का सरकार? या पट्ट्यात दर चार महिन्यांनी कुठल्या तरी रस्त्याची नाहीतर धरणाची आवई उठते, त्यामुळे यंत्र बघितलं की माणसं सावध होतात. मी शास्त्र सांगायला लागले की ती आणखी सावध व्हायची. मग दादा पुढे व्हायचे. "काय घेत नाय रं. खालती दगड कसा हाय ते बगतोय. लय खालती. तितं सरकार पन जात नाय." लोक हसायचे आणि बसायला बाकडं आणून द्यायचे.

एकदा माथेरानच्या पायथ्याशी जेवताना मी त्यांना सांगितलं होतं, की कोकणात खाली जड दगड वर आलेला आहे आणि सह्याद्रीखाली हलका दगड खोल गेलेला आहे. डोंगर जितका वर दिसतो त्याच्या कितीतरी पट तो खाली असतो, त्याला डोंगराचं मूळ म्हणतात. दादांनी भाकरी हातातच धरली. डोंगराकडे बराच वेळ बघत राहिले. "मूळ? झाडावानी?" मी हो म्हणाले. संध्याकाळी ओट्यावर पोचल्यावर पायातल्या चपला काढायच्या आधी त्यांनी वहिनींना ती बातमी दिली. "अगं, डोंगराला मूळ असतंय." वहिनी म्हणाल्या, "मंग? तुमाला वाटलं नुसता ठेवलाय व्हय?"

त्यांचं नातं असं होतं. दादा दिवसभरात जे काही नवं ऐकायचे ते घरी नेऊन ठेवायचे आणि वहिनी ते आपल्याला आधीच माहीत असल्यासारखं घ्यायच्या.

दादांच्या चालवण्याची एक गोष्ट सगळा पोशीर सांगतो. त्यांच्या पुतण्याचं लग्न खालापूरकडे होतं. नवरदेवाची गाडी काकांनीच चालवायची असा घरच्यांचा हट्ट. वऱ्हाडाचे टेंपो पुढे निघून गेले, बँडवाले पोचून वाजवून दमले, मुहूर्त टळून गेला, आणि मग नवरदेवाची गाडी खड्ड्यात एकेक चाक उतरवत मांडवात आली. फेट्याची घडी मोडलेली नव्हती. भटजींनी पंचांग चाळून दुसरी वेळ काढली. मुलीचे मामा संतापले होते, त्यांना वहिनी म्हणाल्या, "आमच्यात मुहूर्त पन मशीनचाच असतो." सगळा मांडव हसला. मीही त्यात होते. त्या हसण्याची मला आता लाज वाटते. पण तेव्हा कोणाला काय ठाऊक होतं?

आमची खडाजंगी एकदाच झाली. खांडसच्या बाजूला, उन्हाची वेळ, मी घाईत होते. यंत्र खाली ठेवताना माझ्या हातून ते दगडावर आपटलं. जोरात नाही, पण आपटलं. कोणी बघितलं नाही असं समजून मी आकडा घेतला आणि निघाले. आमच्या वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना असायचा. एरवी तिथे "शाळेचा ओटा", "पुलाची डावी बाजू" असलं काही लिहिलेलं असे. संध्याकाळी बघते तर दादांच्या ठसठशीत अक्षरात, अचूक वेळेसह, लिहिलेलं होतं, "मॅडमच्या हातून धक्का."

मी भडकले. माझ्या साहेबांच्या डोळ्यांखालून जाणारी ती वही होती. मी म्हटलं, तुमचं काम गाडी चालवायचं, वहीत कशाला लिहिता? ते शांत होते. "लिवलेला धक्का काढता येतो मॅडम," म्हणाले. "न लिवलेला तसाच ऱ्हातो."

शास्त्र म्हणून ते शंभर टक्के खरं होतं. धक्का कुठे लागला ते माहीत असलं की दिवसाचे आकडे तिथे दोन भागांत तोडायचे. धक्क्याच्या अलीकडचे वेगळे, पलीकडचे वेगळे. मग उडी किती ते निघतं आणि दिवस वाचतो. माहीत नसलं तर सगळा दिवस वाया. ही गोष्ट मी पुस्तकात वाचलेली होती आणि दादांना ती पुस्तकाशिवाय येत होती. त्यानंतर माझे धक्के मी स्वतः लिहायला लागले.

मग सर्वेक्षण संपलं, जीप भंगारात गेली, दादा घरी बसले. त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि गावातल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात, बाळंतिणींना माहेरी पोचवायला लागले. त्या कामाला त्यांच्याइतका चांगला माणूस तालुक्यात नव्हता. पोटुशी बाई फक्त बाळारामच्याच गाडीत बसवायची, असं सासवा म्हणायच्या.

फोन निलेशचा आला. निलेश त्यांचा एकुलता एक मुलगा, माथेरानला हॉटेलात नोकरीला. म्हणाला, "मॅडम, आय गेली. चार दिवस झाले." मी दुसऱ्या दिवशी पोशीरला गेले. ओट्यावर दादा बसले होते आणि बोल्टावर कोंबडी उभी होती. ती कोणी हुसकत नव्हतं.

दुपारी वहिनींच्या छातीत कळ आली होती. घरात दादा एकटेच. त्यांनी वहिनींना व्हॅनमध्ये पुढे बसवलं, पट्टा लावला, भोवती गोधडी दाबून बसवली आणि कर्जतला निघाले. इस्पितळाच्या दाराशी पोचले तेव्हा वहिनी बोलत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर. डॉक्टरांना तसं म्हणावं लागतं की काय, मला कळत नाही. पण ते म्हणाले. आणि माथेरानहून धावत उतरलेला निलेश, आईच्या अंगावरची चादर बघून, सगळ्या लोकांसमोर बापाला म्हणाला, "बा, मशीन घेऊन चालला व्हतास काय रं?"

हे मला शेजारच्या बाईंनी सांगितलं. मी निघाले तेव्हा दादा फक्त एवढं म्हणाले, "जुन्या वह्या हायेत ना तुमच्याकडं?"

महिनाभराने ते आमच्या कार्यालयात आले. व्हॅन विकली होती, गाडी बदलत बदलत आले. धुतलेला सदरा, हातात वहीचं एक पान. त्यावर आमच्या जुन्या जागा ओळीने लिहिलेल्या होत्या. घराचा ओटा, नदीवरचा पूल, नेरळचा फाटा, मग ओढ्यावरची दगडी मोरी, शाळा, असं करत थेट कर्जतपर्यंत. प्रत्येकीसमोर वेळ, मिनिटासकट. मी आधी समजले नाही. मग समजलं. त्या दुपारी वहिनींना घेऊन जाताना, प्रत्येक जागा आली की या माणसाने घड्याळ बघितलं होतं. वर्षानुवर्षांची सवय, नजर आपोआप मनगटावर गेली होती. आणि एकही वेळ विसरता आली नव्हती.

"मशीन असताना किती वेळ लागायचा, वहीत हाय," दादा म्हणाले. "थांबायचा वेळ वजा करा. नुसता चालवायचा काढा. मंग त्या दिवशीचा काढा. निलेश बोलला ते खरं का खोटं, मला बगायचंय."

मी वह्या काढल्या. दादा समोर बसून राहिले. मी कधी नाही एवढा सावकाश हिशेब केला. यंत्र घेऊन थांबायचा वेळ सोडला तर पन्नास मिनिटं लागायची. त्या दिवशी चव्वेचाळीस लागली होती. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. "दादा, निलेश चुकला," मी म्हणाले. "तुम्ही सहा मिनिटं कमी घेतलीत. तुम्ही मशीनसारखी चालवली नाहीत."

ते मान हलवत होते. "दोन भाग करा. मोरीच्या अलीकडं आन पलीकडं."

मला करायचे नव्हते. पण ते बघत होते. मोरीपर्यंत मशीनला वीस मिनिटं लागायची. त्या दिवशी दादा तेरात पोचले होते. आयुष्यात कधी चालवली नसेल इतकी जोरात त्यांनी ती व्हॅन पळवली होती. मोरीच्या पलीकडे, कर्जतपर्यंत, मशीनला तीस लागायची. त्या दिवशी एकतीस लागली होती.

"मोरीपाशी काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी पानावर मोरीच्या ओळीवर बोट ठेवलं. "मोरीवर खड्डा हाय. जोरात आदळली गाडी. ती कळवळली. माझा हात धरला आन म्हनली, हळू चालवा वो, धक्का बसला का जीव जातोय. मंग मी हळू चालवली. मला वाटलं, धक्का नको लागायला. मला तेवडंच येतं मॅडम."

डॉक्टरांचं "जरा आधी" म्हणजे किती, दहा-पंधरा मिनिटांनी काय झालं असतं, हे कोणालाच सांगता येणार नाही, असं मी काहीबाही बोलत राहिले. ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. "शेऱ्यात लिवा."

मी पेन घेतलं आणि मोरीसमोर लिहायला लागले, हिरावहिनींनी गाडी हळू... त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तिचं नाव नको. बाळारामनं गाडी हळू केली, येवडंच."

"पण दादा, हे निलेशला कळायला हवं. तो तुम्हाला दोष देतोय."

"देऊंदे. मी हाय ऐकायला. ती म्हनली म्हनून सांगितलं, तर पोरगा आयला बोल लावंल, का हिनंच आपला जीव घालवला. मेलेल्या मानसावर कशाला टाकायचं?" मग म्हणाले, "तुमी पन सांगू नका."

त्यांनी सांगितलं होतं, धक्का न लिहिता ठेवायचा नाही. आणि हा एक धक्का त्यांनी स्वतःच चुकीच्या नावावर लिहायला लावला. मी लिहिला, आणि कोणाला सांगणार नाही असा शब्दही दिला. ते पान त्यांनी घडी करून नेलं. मी कार्यालयाच्या दारात उभी राहून रडले.

दादा गेले त्याला आता वर्ष होत आलं. निलेशला मी अजून सांगितलेलं नाही. दादांना दिलेला शब्द मी आज इथे मोडते आहे. हे लिहून झालं की कागद घेऊन पोशीरला जाणार आहे. निलेश आईला बोल लावणार नाही, असा माझा त्याच्यावर विश्वास आहे. चूक ठरले तर ती माझ्या नावावर लिहावी.

दादांना मी शेवटचं बघितलं ते त्याच मोरीवर. आम्ही नव्या यंत्राने जुन्या काही जागा पुन्हा तपासत होतो. भर दुपार होती. ओट्यावर सकाळचा आकडा घेतला तेव्हा दादा घरी नव्हते. वहिनींच्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, "जातात रोज. सकाळची भाकरी खाल्ली का निगतात चालत. काय करतात कोन जाने. लोक म्हनतात डोकं फिरलंय."

नेरळ सोडल्यावर लांबून मला तो सदरा दिसला. मोरीच्या कठड्यावर, जिथे आम्ही यंत्र ठेवायचो त्या दगडाशेजारी, दादा बसले होते. खूप वाळले होते. येणाऱ्या प्रत्येक गाडीला उजवा हात दाखवत होते. मला वाटलं, जुनी सवय. मी आमच्या चालकाला म्हणाले, "हळू घे, दादा आहेत." त्याने ब्रेक लावला.

तशी दादा ताडकन उठले. आत कोण बसलंय हे त्यांनी बघितलंच नाही, त्यांची नजर चाकांवर होती. तळवा खाली नव्हता. ते दोन्ही हातांनी पुढे, पुढे असं ढकलत होते. "हळू नको," ते ओरडत होते. "हळू नको रं. जा. जाऊंदे जोरात. जा."

चालक गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी काच खाली केली होती, हाक मारणार होते. पण त्यांचं तोंड बघितलं. "जा," मी चालकाला म्हटलं. "जोरात जा."

मोरीवरचा खड्डा अजून तसाच होता. गाडी आदळली, यंत्र सीटवरून उडून पट्ट्यात अडकलं. मी मागे वळून बघितलं. दादा घड्याळ बघत होते.

मग मी वही उघडली, वेळ लिहिली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "मोरी. माझ्या सांगण्यावरून धक्का."